मराठी स्त्री सात

आमच्या घरात इंडोनेशिया शिरला तो थोरल्या वहिनींमुळं.

त्याआधी तो देश मला शाळेच्या नकाशातला, सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखा दिसणारा बेटांचा पट्टा एवढाच ठाऊक होता. मग तिथल्या मालिका मराठीत यायला लागल्या. आपल्या सासवांना पाणी पाजतील असल्या सासवा, हजार-बाराशे भाग, आणि दर चार भागांनी दवाखान्यात कुणाचं तरी बाळ बदललेलं. वहिनी त्या सासवांना नावानिशी शिव्या घालायच्या. गल्लीतल्या पोरांना तिथल्या भुतांचं वेड लागलं. कफनात गुंडाळलेलं भूत टुणटुण उड्या मारत रस्त्यावरच्या माणसांना घाबरवतं, असले व्हिडिओ बघून कार्टी बोळात पोती घालून उड्या मारायला लागली. मी म्हटलं, चालू दे. जन्म स्टुडिओत काढलेल्या माणसाला पडद्याचं कौतुक नसतं.

एके दिवशी चारच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून वहिनींची आरोळी आली, "भावजी! अवं भावजी, पळत या! मंजू बोलाय लागली!"

एक चप्पल पायात आणि एक दारात, असा मी जिना चढलो. वर मंजू नव्हतीच. वहिनी पलंगावर मांडी घालून बसलेल्या, हातात फोन, आणि फोनमध्ये एक गोबऱ्या गालांची परकी पोरगी. ओसरीवर मोठी कढई, त्यात पिवळ्या वड्या तळतीय आणि म्हणतीय, "घाई करायची नाही हं. बघा, पहिली वडी टाकल्याबरोबर वर आली पाहिजे, तरच तेल तापलं म्हणायचं."

आवाज माझ्या बायकोचा होता.

तिच्यासारखा होता असं म्हणत नाही मी. तिचाच होता. 'बघा'च्या आधी घेतलेला तो एवढासा श्वास, वाक्य संपताना आवाज किंचित खरखरीत होऊन खाली बसतो ते, हसू येणार असलं की आधीच सांडतं ते. तीस वर्षं काचेच्या अलीकडं बसून मी तो आवाज टिपलाय, मला कोण शिकवणार? मी वहिनींच्या पलंगाच्या कडेवर टेकलो आणि मला रडायला आलं. वहिनींनाही आलं. खाली स्वयंपाकघरात मंजू भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. तिचा येत नव्हता. गेली दोन वर्षं येत नव्हता.

"मंजूला सांगू नका," मी वहिनींना म्हटलं.

"मी कशाला सांगतीय?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "पर तिचा आवाज ह्या बयेच्या तोंडात गेलाच कसा?"

कसा गेला ते सांगतो.

मी उदय साळोखे, ध्वनिमुद्रक. माझी बायको मंजुषा डबिंग करायची. राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत कुठकुठल्या भाषांतले सिनेमे आणि मालिका मराठी व्हायच्या, आणि त्यातल्या निम्म्या नायिका मंजूच्या तोंडून बोलायच्या. डबिंग म्हणजे परक्याच्या ओठात आपला आवाज बसवायचा. पडद्यावरचे ओठ मिटले की आपला 'प' नाहीतर 'म' तिथंच पडला पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला काहीतरी खटकतं आणि काय ते कळत नाही. मंजू त्यात अशी तरबेज की पहिल्या झटक्यात ओके. पडद्यावरच्या नायकांना ती नावानं हाका मारायची, लाडानं, रागानं, किंचाळून. मला मात्र काचेपलीकडून, हेडफोनमधून, "अहो, जरा मागून लावा." आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात तिनं रंकाळा आणि किरणोत्सव असलं काहीतरी जुळवून 'उदयरावांचं नाव घेते' म्हटलं, तेवढंच. पुढं सगळा संसार 'अहो'वर चालला, आणि झकास चालला.

मग नादपेढी नावाची कंपनी आली. आवाज साठवणारी. तिनं मंजूला बूथमध्ये बसवून वाक्यं म्हणवून घेतली. रागाची, लाडाची, बाजारातली, बाळंतिणीच्या खोलीतली, अर्थ नसलेल्या नुसत्या अक्षरांचीसुद्धा. मशीन त्यातून शब्द शिकत नाही, गळा शिकतं. छातीतून हवा किती जोरानं येते, स्वरतंतू कुठं सैल पडतात, टाळू, जीभ आणि नाकाच्या पोकळीत कुठला सूर घुमतो आणि कुठला मरतो, ह्या सगळ्याचं गणित मांडून एक साचा तयार करतं. कंठसाचा म्हणायचो आम्ही. एकदा साचा झाला की त्यात कुठलंही वाक्य ओता, त्या माणसाच्या आवाजात बाहेर पडतं. साच्यांना नावं नव्हती, नंबर होते. मंजू झाली 'मराठी स्त्री सात'.

सही करताना ती हसत म्हणाली होती, "अहो, आता माझा घसा बसला तरी मी कामावर!"

घसा बसलाच. सर्दी म्हणून काढे झाले, हळद-दूध झालं, आणि शेवटी स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याशी भोक आहे, त्यातून ती श्वास घेते, वरून सुती रुमाल बांधते. काही लोकांना झडप बसवून घोगरं का होईना बोलता येतं. हिच्या गळ्याला ते सोसलं नाही. जीव वाचला, त्याबद्दल अंबाबाईला रोज हात जोडतो.

आणि खरं सांगायचं तर आमचं फार अडलंही नाही. ती ओठ हलवते, मी वाचतो. जन्मभर ओठ बघूनच पोट भरलंय की मी. समोरासमोर आम्ही कडाकडा भांडतोसुद्धा. अडतं ते एकाच ठिकाणी. हाक मारायला आवाज लागतो. समोरच्याला ओठ दिसतात, पाठमोऱ्याला काय दिसणार? मी परसात असलो, पेपरात तोंड घालून बसलो, की मंजूला येऊन खांदा धरावा लागतो नाहीतर पातेल्यावर चमचा वाजवावा लागतो. 'अहो' आमच्या घरातून गेलं ते गेलंच. लोक म्हणतात, जुनी रेकॉर्डिंगं असतील की. आहेत ना, ढीगभर. त्यात ती कुठल्या कुठल्या नायकांच्या नावानं टाहो फोडतीय. बायकोची चहाला बोलावणारी हाक कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

आता ती पोरगी. लारास तिचं नाव. जावा बेटावर केदिरी म्हणून गाव आहे, तिथली. जिवंत भाषांतराची सोय आल्यापासून असल्या लाखो पोरी जगभर सगळ्यांच्या घरात पोचल्या होत्या. एक मशीन लारासचं बोलणं ऐकून अर्थ काढतं, दुसरं त्या अर्थाचं मराठी वाक्य बांधतं, तिसरं ते वाक्य एखाद्या कंठसाच्यात ओततं, तिच्याच लयीत, तिच्याच थांबण्या-हसण्यासकट. शिवाय चित्रातले तिचे ओठ मराठीबरहुकूम हलवतं. तमिळ माणसाला ती तमिळ बोलताना दिसते, जपानी माणसाला जपानी. कुठल्या भाषेसाठी कुणाचा साचा घ्यायचा, ते मशीन पट्टी आणि लय जुळवून ठरवतं. मराठीसाठी लारासची लय जुळली सातशी. त्या पोरीला ह्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजले की मी मागच्या खोलीत, कानात इअरफोन. मंजूला सांगितलं, क्रिकेट बघतोय.

आपले चार म्हणजे त्यांची संध्याकाळ. लारास ओसरीवर चूल मांडायची. ताहू तळायची, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या वड्या, हळद लावून पिवळ्याधमक केलेल्या. बोलता बोलता वड्यांची पाकिटं विकायची, आणि मधेच हात पुसून गायला उभी राहायची. शेजारी बायू नावाचा किडकिडीत वादक केंदांग घेऊन बसलेला. केंदांग ही आपल्या ढोलकीची मावसबहीण. त्या गाण्यांना दांगदूत म्हणतात, नावच मुळी तालवाद्याच्या बोलावरून पडलेलं, एक दांग आणि एक दूत. पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला जत्रेतल्या ऑर्केस्ट्राची आठवण झाली, पाय आपोआप हलायला लागले. पण गाणी भाषांतरात येत नसत. गायला लागली की लारासचा स्वतःचा आवाज, उंच, पातळ, गोड. लोक त्या गाण्यासाठी जीव टाकायचे. मी गाणं कधी संपतंय ह्याची वाट बघायचो.

तिकडं एक रीत आहे. रंगमंचावर गाणाऱ्या बाईवर लोक नोटा उधळतात, आणि उधळणाऱ्याचं नाव तिनं तिथल्या तिथं घ्यायचं. फोनवर नोटांच्या जागी फुलं आणि कंदील आले, रीत तीच राहिली. मीही एक फूल पाठवलं. लारासनं पडद्यावर वाकून वाचलं आणि खुलली, "कोल्हापूरचे उदयकाका! खूप खूप आभार. जेवलात का उदयकाका?"

मी फोन उपडा ठेवला. माझं नाव, मंजूच्या आवाजात, उखाण्याशिवाय. आणि मागं काका! तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या तोंडून काका ऐकायची पाळी वैऱ्यावरसुद्धा येऊ नये.

तरी दुसऱ्या दिवशी चारला मी हजर. जुन्या रेकॉर्डिंगमधली मंजू मला माहीत नसलेलं काहीच बोलत नाही. ही बोलायची. पाऊस पडून गेलाय, मांजराला पिल्लं झालीत, शेजारच्या म्हातारीचा दात दुखतोय. तो आवाज काहीतरी नवं बोलतोय ह्याचीच मला भूक लागली होती. काय बोलतोय ह्याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं.

भूक माणसाला गाढव बनवते. लारास मला अधूनमधून 'अहो काका' म्हणायची. पण 'अहो'च्या शेपटाला काका बांधला की त्यातला जीव जातो. एका दुपारी मी तिथला सगळ्यात मोठा कंदील पाठवला आणि लिहिलं, 'एकदा नुसतं अहो म्हण. मागं काका नको.'

मशीन शब्द नेत नाही, अर्थ नेतं हे मीच आत्ता तुम्हाला सांगितलं, आणि मीच विसरलो. काका-मामा काही न लावता नुसतं 'अहो' कोण कुणाला म्हणतं, हे त्या मशीनला पक्कं ठाऊक होतं. केदिरीत लारासच्या फोनवर काय उमटलं ते नंतर कळलं. 'कोल्हापूरच्या काकांची इच्छा आहे की बायको नवऱ्याला मारते तशी हाक तुम्ही त्यांना मारावी.'

लारासचा झारा हवेत थांबला. बायूचा हात केंदांगवर थांबला. खाली शेरे धो धो वाहायला लागले. 'काका रंगात आले!' 'काकू कुठायत?' 'कुणीतरी काकांना पाणी द्या!' लारास कानापर्यंत लाल झाली, आणि मग मंजूच्या आवाजात, मंजू रागावल्यावर जसा बारीक व्हायचा अगदी तशा आवाजात म्हणाली, "काका, असं बोलू नये. तुम्ही मला वडिलांसारखे. घरी काकू असतील ना?"

तेवढ्यात वरून दुसरा आवाज कडाडला, "भावजीऽऽ!"

वहिनीही रोज चारला तेच बघत होत्या, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

त्या जिना उतरल्या त्या बोलतच. "ह्या वयात? लेकीच्या वयाच्या पोरीला? लाज हाय का न्हाई? साऱ्या जगानं वाचलं की वो! साळोख्यांचं नाव जाव्यापत्तोर नेलं तुमी!" मंजू पिठाच्या हातांनी बाहेर आली. वहिनींनी तिला सगळं सांगितलं. आधी माझा पराक्रम, आणि मग बोलण्याच्या भरात, आवाज कुणाचा तेही. सांगून झाल्यावर वहिनींनी जीभ चावली. मंजू माझ्याकडं बघत होती. मग तिनं पाठ फिरवली आणि पोळ्या लाटायला गेली.

ओठ वाचणाऱ्या नवऱ्याशी अबोला धरायचा तर बायकोला तोंडच फिरवावं लागतं. मंजूनं फिरवलं. ताट वाढायची ते भिंतीकडं बघत. पातेल्यावरचा चमचासुद्धा बंद. भूक लागली की मीच आपला जाऊन पाटावर बसायचो. असे बरेच दिवस गेले. शेवटी एका सकाळी मी तिच्या पाठीशीच बोललो.

"मंजू, त्या पोरीशी मला काय करायचंय गं? मला तुझी हाक ऐकायची होती. मी कशात तरी गुंतलेलो असावं आणि पाठीमागून तुझी हाक यावी, बास. मला तिची इतकी आठवण येते की घर खायला उठतं."

ती वळली. डोळे भरलेले, पण ओठ ठणठणीत. 'मग मला सांगायचं. तिला काय सांगता?'

"तुला सांगून काय उप..." मी थांबलो. पण अर्धा शब्द बाहेर पडला होता, आणि तिला ऐकू चांगलं येतं.

तिनं हात पुढं केला. 'दाखवा.'

त्या दुपारी मंजूनं लारासला पहिल्यांदा बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. आधी तिचा हात गळ्यावरच्या रुमालाकडं गेला आणि तिथंच राहिला. मग हळूहळू तिच्यातली जुनी कलाकार जागी झाली. भुवया आक्रसल्या. 'हिचा म मिटत नाही,' ती म्हणाली. 'बघा, ओठ उघडेच राहतात. मशीन आळशी आहे.' खरंच होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. लारास गायला लागली तशी मंजू मान डोलवत म्हणाली, 'गाते चांगली.' गाणं संपलं, पुन्हा बोलणं सुरू झालं, बायूशी ठरलेल्या लग्नाचं. मंजू बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं माझ्याकडं न बघताच ओठ हलवले. 'माझा आवाज बरा होता की हो.'

मी फोनचा आवाज जरा वाढवला.

पुढच्या आठवड्यात नादपेढीचा निरोप आला. येत्या पाडव्यापासून माणसांच्या गळ्यावरून घेतलेले जुने साचे बंद होणार. नवे आवाज मशीननंच रचलेले, कुणाच्याच गळ्यातले नसलेले. ज्या कलाकारांना आपला साचा हवा असेल त्यांनी त्याआधी 'बोलका' घ्यावा. बोलका म्हणजे हनुवटीखाली लावायची एक चकती. आपण नुसते ओठ हलवायचे, ती स्नायूंची हालचाल वाचते आणि आपल्याच साच्यातून बोलते.

ऑपरेशननंतर दवाखान्यात मंजूनं तो एकदा लावून बघितला होता. पहिलंच वाक्य, 'मला पाणी हवंय.' ते असं बाहेर पडलं की शेवटच्या रिळात प्राण सोडणारी नायिकाच पाणी मागतीय. साचा बूथमधला ना, सगळा अभिनयातला. मंजूनं चकती काढून नर्सच्या हातात दिली होती आणि मला म्हणाली होती, 'ही मी नव्हे. ही माझी नोकरी.'

आता मी पुन्हा विषय काढला. गयावया केली. ती मान हलवत राहिली.

"रोज नको लावूस," मी म्हटलं. "कधीतरी. सणासुदीला."

'मी काय तुमच्यापुढं रोज नाटक करू?'

माझं डोकं सटकलं. "मग उरलेलं आयुष्य मी काय ऐकायचं? पातेलं?"

बोललो आणि वाटलं, आता पुन्हा पाठ फिरवणार. तिनं फिरवली नाही. माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, 'ऐकाल.' एवढंच. मला वाटलं, चिडून म्हणाली.

त्यानंतर ती रोज चार वाजता आपला फोन घेऊन मधल्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. मी विचारलं नाही. स्वतःचा आवाज शेवटचा ऐकून घेत असेल, रडत असेल, म्हटलं बाई, तुझं तुझ्यापाशी. दाराच्या फटीतून लारासची बडबड पुसट यायची. पुढं पुढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा आल्यासारखं वाटायचं, पण मी कान काढून घ्यायचो.

ह्याच दिवसांत लारासचं बायूशी लग्न झालं. सगळ्या जगासमोर, फोनवर. वहिनींनी मला वर बोलावून घेतलं. त्यांचा राग एव्हाना निवळला होता, आणि असल्या गोष्टी एकट्यानं बघवत नाहीत. नवऱ्यामुलानं अनवाणी पायानं कोंबडीचं अंडं फोडलं, नवरीनं वाकून त्याचा पाय फुलांच्या पाण्यानं धुतला. वहिनी पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "आपल्यात माप वलांडायचं, त्येंच्यात अंडं फोडायचं. पाय धुवायचं शेवटी नवरीनंच बगा, मुलूख कुटला का आसंना."

मला काय वाढून ठेवलंय ते दुसऱ्या दिवशी वहिनींच्याच फोनवर कळलं. लग्नाआधी लारास बायूला 'मास' म्हणायची. तिकडं तरण्या पुरुषाला सगळेच मास म्हणतात, आणि मशीन त्याचं 'बायूदादा' करायचं. लग्नानंतरही ती मासच म्हणत होती. पण आता ती बायको होती, आणि मशीनला रीतभात कळते. चूल पेटली, वड्यांची परात मांडून झाली, लारासनं एप्रनला हात पुसले, डावीकडं मान वळवली, एवढासा श्वास घेतला, आणि हाक मारली.

"अहो, येताय ना? मांडलंय सगळं."

माझी हाक होती ती. नुसती, काका नसलेली. मंजूच्या आवाजात, चहाच्या वेळेला, जशीच्या तशी माझी हाक, आणि उठून आला तो केदिरीचा बायू. केंदांग काखेत मारून, दात काढत. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरावर माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं इतकं जळावं! पण जळलो. वहिनी म्हणाल्या, आता रोज ह्याच हाकेनं सुरू करणार म्हणं, लोकांना लई आवडलं. मी खाली आलो आणि त्यानंतर लारासचं तोंड बघितलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी परसात गुढीची काठी धूत बसलो होतो. वर्षभर माळ्यावर पडून तिला जळमटं लागतात. दुपार कलली होती. मनात म्हणत होतो, उद्यापासून सात बंद. लारास कुणाच्या तरी, कुणाच्याच नसलेल्या आवाजात बोलेल, आणि मंजूच्या आवाजात नवं काही जगात कुठंच ऐकू येणार नाही. रागही येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून काठीच खसाखसा घासत होतो.

"अहो."

"काय गं?" मी म्हणालो.

तोंडातून आपोआप गेलं ते. तीस वर्षांची सवय. हातातली काठी खाली पडली, तेव्हा मला कळलं की मी काय ऐकलं, आणि मी वळलो.

मागच्या दारात मंजू उभी होती. पदराला हात पुसत, मान जराशी डावीकडं वळवून, थेट माझ्याकडं बघत. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता.

"येताय ना? मांडलंय सगळं."

'मांडलंय'चा 'म' तिच्या ओठांवर नेमका मिटला. केसाचाही फरक नाही. तिच्या बाजूच्या खिडकीत, चहाच्या डब्याला टेकवलेला फोन मला आता दिसला. फोनचा पडदा तिच्याकडं अशा बेतानं तिरका लावलेला की डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला लारासचा हात एप्रनकडं गेलेला दिसावा. लारास पुढं बोलत राहिली, मंडळी, आज ताहू ताजी आहे, कुठून कुठून आलात सांगा. मंजूनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. बाकीचं तिचं नव्हतं, ते तिनं लारासला ठेवलं. एवढीच हाक घेतली, माझ्यापुरती.

मधल्या खोलीत कडी लावून ती रोज काय करत होती ते कळलं मला. तालीम. जन्मभर परक्यांच्या ओठांत आवाज बसवला हिनं, आणि शेवटी आपल्याच आवाजात आपले ओठ बसवले. नाटक करणार नाही म्हणणारी बाई! मी लहान पोरासारखा हमसून रडलो, परसात, शेजाऱ्यांसमोर. मंजू हसत होती. तिच्या हसण्याला आवाज नसतो, गळ्यावरचा रुमाल तेवढा हलतो.

मग तिनं भुवई उडवून विचारलं, 'कसा होता?'

काचेपलीकडून विचारायची तसं. मी अंगठा वर केला.

"ओके," मी म्हणालो. "आलो."

आत जाऊन पाटावर बसलो. तिनं कप पुढं सरकवला आणि हात लांब करून फोन बंद केला. चहा गोडमिट्ट झाला होता. साखर दोनदा पडली असणार, हिचं सगळं लक्ष खिडकीकडं. मी सगळा प्यालो, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.